निओ का साधं?

आकाशात घरघर झाली की हातातले काम टाकून वर पाहणारा आणि मान खाली आणता आणता कुणाची तरी चूक दुरुस्त करणारा गृहस्थ बहुतेक गावांत एक तरी असतो. गाव त्याला पायलट म्हणते. विमानाशी त्याचा संबंध इतकाच, की ते त्याच्या डोक्यावरून जाते. "विमान चाललंय," असे कुणी सहज बोलून गेले तर तो विचारतो, "विमान म्हंजे कुठलं?" उत्तराची वाट तो पाहत नाही. "ए-३२०," तो स्वतःच सांगतो आणि क्षणभर थांबून जोडतो, "निओ." हे निओ प्रकरण पुढे सविस्तर येईलच. गावाच्या वाट्याला ते याहूनही सविस्तर आलेले आहे.

हिवरे बाजारात ही जात जोमाने वाढण्याचे कारण भूगोलात आहे. नगर शहरापासून सतराएक किलोमीटरवरचे हे गाव मुंबई विमानतळाच्या जवळजवळ सरळ पूर्वेला, त्याच अक्षांशावर येते. अंतर हवाई रेषेत १८० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून पूर्वेकडे निघालेले विमान इथपर्यंत येईतो बरेच उंच गेलेले असते. नैर्ऋत्येला पुण्याचे लोहगाव, उत्तरेला काकडीचा शिर्डी विमानतळ, ईशान्येला संभाजीनगरचे चिकलठाणा आणि वायव्येला नाशिकजवळचे ओझर. चार दिशांना विमानतळ आणि जवळ एकही नाही, अशी ही जागा आहे. विमान इथे उतरत नाही, चढत नाही, नुसते जाते. नुसत्या जाणाऱ्या गोष्टीवर माणसाने किती जीव टाकावा याला काही मर्यादा आहे, असे पायलटच्या घरच्यांचे मत आहे.

गावाची मूळ वर्गवारी सोपी होती. आवाज करत जाते ते विमान, म्हाताऱ्यांच्या तोंडी इमान. मागे पांढरी रेघ सोडते ते रॉकेट. फडफडत खालून जाते ते हेलिकॉप्टर, आणि ते आले म्हणजे निवडणूक तरी आली किंवा मंत्री तरी. या तीन शब्दांवर गावाच्या दोन पिढ्या सुखाने जगल्या. पायलटने पहिला घाव घातला तो रॉकेटवर. ती रेघ धुराची नसते, इंजिनातून निघालेली वाफ वरच्या उणे चाळीसच्या थंडीत गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांची रेघ दिसते, हे त्याने शाळेच्या मैदानावर पोरांना समजावले. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर पसरत राहते. हे सगळे खरे आहे. त्यावरून "रेघ टिकली, चार दिवसांत पाऊस," असे त्याने जाहीर केले ते मात्र त्याचे स्वतःचे संशोधन होते. पाऊस आला नाही. गावात पर्जन्यमापक असल्यामुळे तो किती आला नाही हेही कळले. पोरे अजून रॉकेटच म्हणतात.

प्रवासी विमानांचे पायलट पहिल्यांदा दोन भाग पाडतो: आत चालायला एकच रस्ता असणारी आणि दोन रस्ते असणारी. एसटीच्या लाल डब्यात एकच रस्ता, दोन्हीकडे बाकडी. तशी ए-३२० आणि बोईंग ७३७. देशातल्या देशात हिंडणारी बहुतेक यातच येतात. परदेशी जाणारी ७७७, ७८७, ए-३५० ही दोन रस्त्यांची, आत माणसे आडवी आठ-आठ, नऊ-नऊ, कधी दहासुद्धा. पुढे तो खुणांवर येतो. इंजिने दोन की चार, पंखाचे टोक वर वळलेले की मागे निमुळते झालेले, पंख अंगाच्या वर बसवलेला की खाली. या खुणा पुस्तकी नाहीत, त्या खरोखर दिसतात. विमान खालून जात असेल आणि ऊन तिरपे असेल तर चांगल्या दिसतात. अडचण एवढीच की हिवरे बाजारावरून जाणारी बरीचशी विमाने दहा किलोमीटर उंचीवर असतात. तिथून पंखाचे टोक कसे वळले आहे ते घारीला दिसेल. पायलटलाही दिसते.

आता निओ. एअरबस कंपनीचे ए-३२० पहिल्यांदा १९८७ साली उडाले. पुढे कंपनीने तेच विमान ठेवून त्याला कमी इंधन पिणारी, मोठ्या तोंडाची नवी इंजिने लावली आणि त्या वाणाला निओ म्हटले. जगात पहिल्यांदा एका विमान कंपनीला ते जानेवारी २०१६ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये भारतात आले. जुने आणि नवे यांतला फरक इंजिनाच्या जाडीत. तो विमानतळावर, शेजारी शेजारी उभी असली तर कळतो. पायलट तो बांधावरून ओळखतो. प्रत्येक ए-३२० पाहून तो आधी स्वतःशीच पुटपुटतो, "निओ का साधं?" मग डोळे बारीक करतो आणि निकाल देतो. निकाल दहात नऊ वेळा निओ असतो. देशाच्या आकाशात सर्वांत जास्त विमाने ज्या कंपनीची, तिच्याकडे बहुतेक याच घराण्यातली नव्या इंजिनाची आहेत; तेव्हा डोळे मिटून निओ म्हटले तरी दहात नऊ वेळा बरोबरच यावे. हे त्याला कुणी सांगितलेले नाही. गावात उलटतपासणी करण्याइतके कुणाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो गावात राहत नाही.

आजार पसरला तो त्यानंतर. आकाशापुरता असलेला प्रश्न जमिनीवर उतरला. भावकीत कुणी नवा ट्रॅक्टर आणला. पेढा तोंडात टाकत पायलटने विचारले, "निओ का साधं?" ट्रॅक्टरचे इंजिन खरोखरच नव्या पद्धतीचे असल्याने प्रश्न खपून गेला आणि त्याला धीर आला. मग संकरित कालवड, मग शाळेचे नवे मास्तर, मग दूध डेअरीतले फॅट मोजायचे यंत्र. नव्या सुनेबद्दल त्याने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या सासूने कुंकवाची कोयरी खाली ठेवून विचारले, "आबा, तुमच्या घरचं कुठलं आहे?" त्यावर पायलटला तातडीने वर पाहावे लागले. वर काही नव्हते. घरी ही हकीकत त्याच्या आधी पोचली होती. त्या रात्री ताट वाढताना बायकोने सांगितले, "अहो, पिठलं सकाळचंच आहे. भाकरी तेवढी निओ."

कीर्तनाची गोष्ट तर पंचक्रोशीत झाली. तुकाराम बीजेचे कीर्तन रंगात आले होते. वैकुंठाहून विमान आले, महाराज सदेह विमानात बसले, असे सांगून बुवांनी टाळकऱ्यांकडे पाहिले आणि त्या शांततेत पायलटच्या ओठांची हालचाल पहिल्या दोन रांगांना दिसली. त्याने शब्द उच्चारला नाही, हे त्याचे म्हणणे. शेजारच्याने ऐकला, हे शेजारच्याचे. प्रसाद वाटताना बुवांच्या कानावर गेलेच. बुवा मुरलेले होते. म्हणाले, "पायलट, इंजिन नाही पाहिलं. पण जागा एकच होती, आणि परतीचं तिकीट नव्हतं." पायलटला हे उत्तर इतके पटले की एका जागेच्या विमानांची यादी त्याने बुवांना चहा होईपर्यंत ऐकवली.

लग्ने जमवताना त्याला कुणी नेत नाही. एकदा नेले. मुलगा पुण्याला विमानतळावर नोकरीला, सामान चढवण्याच्या खात्यात. पगार बरा, घर स्वतःचे. मुलीकडच्यांनी पायलटला मुद्दाम पुढे बसवले. त्याने विचारले, कुठली विमाने येतात? मुलगा म्हणाला, "छोटी येतात, मोठी येतात." पायलटने पुढे काही विचारले नाही, नुसती मान हलवली. पण ती अशी हलवली की मुलीच्या मामाला संशय आला, चौकशी वाढली आणि सोयरीक फिसकटली. मुलात काही खोट निघाली नाही. सध्या तो दुसऱ्या एका गावाचा जावई आहे आणि तिथे त्याला विमानातला साहेब म्हणतात.

पंख्याच्या विमानांविषयी पायलटला विशेष माया आहे, कारण जिल्ह्यात आलेले पहिले नियमित प्रवासी विमान त्या जातीचे होते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी शिर्डी विमानतळाचे उद्घाटन केले आणि अलायन्स एअरचे विमान मुंबईला निघाले. ती सेवा एटीआर ७२ या विमानाची होती. एटीआरचे पंख अंगाच्या वर, त्यांना प्रत्येकी एक पंखा, सत्तरएक माणसे. आतले इंजिन जेटच्याच तत्त्वावर फिरते, पण फिरवते पंखा. त्यामुळे थोड्या अंतराला ते स्वस्त पडते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते. खालून जाताना त्याचा आवाज वेगळा येतो. हे विमान पायलट आवाजावरून, पाठमोरा असताना ओळखतो, आणि इथे त्याचे ज्ञान खरे आहे. पाठमोरा असताना ओळखलेल्या विमानाकडे तो वळून पाहत नाही. ती त्याची ऐट.

काही नावे आकाशातून गेली आणि बोलण्यात राहिली. डकोटा हे दुसऱ्या महायुद्धातले दणकट विमान. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे देशातली प्रवासी वाहतूक त्याच्याच जिवावर चालली. आता खिळखिळ्या मोटारसायकलला डकोटा म्हणतात आणि म्हणणाऱ्याला विमान माहीत नसते. व्हायकाउंट, फोकर, कॅराव्हेल, ॲव्रो ही नावे तर बोलण्यातूनही गेली. जम्बो मात्र टिकला. बोईंग ७४७ एअर इंडियाकडे १९७१ मध्ये आले, पहिल्याचे नाव एम्परर अशोक. कंपनीच्या ताफ्यात उरलेल्यांपैकी एकाने एप्रिल २०२४ मध्ये मुंबई सोडली, तेव्हा उडताना दोन्हीकडे पंख झुकवून निरोप घेतला. त्याची चित्रफीत पायलटने इतक्या जणांना दाखवली की फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत दोनदा उतरली. विमान मोडीत गेले. मंत्रिमंडळ जम्बो होते ते होतेच. बंद पडलेल्या कंपन्यांचे सुतकही तो पाळतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली त्या दिवशी त्याने दाढी केली नव्हती. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली तेव्हा इंजिनाच्या तक्रारींचा विषय निघाला आणि पायलटला पहिल्यांदाच कळले की निओसुद्धा बिघडते. तो आठवडा घरात शांततेत गेला.

लष्करी विमानांच्या बाबतीत नगरचा माणूस मुळातच उपरा नसतो. शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, खारे कर्जुन्यावरून नाव पडलेली के. के. रेंज आहे, रणगाड्यांच्या माऱ्याने तिकडच्या घरांची तावदाने हलतात. संरक्षण संशोधनातली वाहनांची प्रयोगशाळाही नगरलाच. निशांत या विनावैमानिक विमानाचे देशी इंजिन घडवण्यात तिचा मोठा हात होता. लोहगावचे सुखोई इकडे येऊन जातात. सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झाले ते २००२ साली लोहगावलाच, आणि पुढे ओझरच्या कारखान्यात बनू लागले. तिथे आधी मिग-२१ बनत. ते मिग २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला सेवेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये जुळवलेले पहिले तेजस उडाले.

अधूनमधून नाशिक-नगरकडे आकाशात धडाका होतो, खिडक्या थरथरतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'गूढ आवाज' असा मथळा येतो. कुणाला भूकंप वाटतो, कुणाला खाणीचा सुरुंग. पायलटला त्यात गूढ काहीच नसते. आवाजाच्या पुढे धावणाऱ्या विमानाने मागे सोडलेला हवेचा धक्का जमिनीवर पोचला, एवढेच. आवाज झाला तेव्हा तो जेवत असला तर घास न थांबवता "सुखोई" म्हणतो. एकदा खरोखरच शेजारच्या विहिरीवर सुरुंग उडाला होता, तेव्हाही तो सुखोईच म्हणाला होता.

हेलिकॉप्टरबद्दल थोडक्यात. आदर्श गाव म्हणून हिवरे बाजाराला सतत पाहुणे येतात आणि त्यातले काही वरून येतात. ते उतरत असताना गाव धुळीपासून डोळे वाचवते, पायलट शेपटीचा पंखा पाहतो. चेतक, ध्रुव, रशियन एमआय-१७, पुढाऱ्यांची भाड्याची. त्याच्या लेखी माणूस कोण उतरला ही दुय्यम बाब आहे. "कोण आलं होतं?" या प्रश्नाला "दोन इंजिनांचं" असे उत्तर त्याने पत्रकाराला दिलेले आहे. पाण्याचे काम पाहायला आलेल्या एका विद्यार्थ्याने त्याला डोंगराकडे बोट दाखवून विचारले, ते काय आहे? त्या उतारावर सलग समतल चर आहेत, गावाचे नाव झाले ते त्यांच्यामुळे. पायलटने बोटाच्या टोकाच्या थोडे वर पाहिले आणि म्हणाला, "७७७. दुबईचं असावं."

पाऊस पाडणाऱ्या विमानाचा प्रकार वेगळा आणि महाराष्ट्रातला म्हणून खास. २००३ साली, मग २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली सरकारने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. नंतरच्या दोन्ही वेळी ठाणे औरंगाबादला होते. छोटे दोन पंख्यांचे विमान, पंखाला लावलेल्या क्षारांच्या नळकांड्या. योग्य ढग सापडला तर त्यात त्या पेटवायच्या. ढग मुळात हवा. विमान तो आणत नाही, असलेल्याला डिवचते. दुष्काळी तालुक्यांत त्या दिवसांत माणसे वर पाहत उभी असायची. हिवरे बाजारात एकच माणूस उभा होता. बाकीच्यांना वर पाहायची सवय राहिली नव्हती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावाने चर खणले, झाडे लावली, कुऱ्हाड आणि चराई बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही असे ठरवले. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरचा, कधी त्याहून कमी. पडलेल्या पावसाचा दरवर्षी ताळेबंद मांडायचा आणि कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. खाली बोअर मारायचा नाही आणि वर विमानाची वाट पाहायची नाही, असा हा बेत आहे. राज्याच्या डोक्यात तो शिरत नाही. विमान फोटोत चांगले दिसते, चर दिसत नाही. पायलटने त्या विमानाची तीन वेळा जातीने वाट पाहिली. ते इकडे फिरकले नाही.

एकदा ग्रामसभेत तोच पाण्याचा हिशेब वाचून दाखवला जात होता. इतके मिलिमीटर पडले, इतके मुरले, इतके उरले, असे चालले असताना वरून घरघर आली. वाचणारा थांबला नाही. पायलटने मात्र खिशातून आपली वही काढली आणि वेळ लिहिली. ही वही गावाने तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. शंभर पानी, रेघांची, किराणा दुकानातली. तारीख, वेळ, दिशा, जात. शेवटच्या रकान्याला मथळा होता: नि. / सा. काही पानांवर त्या रकान्यात प्रश्नचिन्हे होती, आणि ती बरीच होती. तोंडाने छातीठोक निओ सांगणारा हा माणूस वहीत खोटे लिहीत नव्हता. सभा संपल्यावर वही दोन-चार हातांतून फिरली आणि त्यानंतर त्याची थट्टा करणाऱ्यांचा सूर जरा बदलला. पाण्याचा थेंब मोजणाऱ्या गावात कुणीतरी आकाशाची नोंद ठेवावी हे त्यांना फारसे वेडगळ वाटले नाही. थट्टा थांबली नाही, तेवढे पुण्य वहीत नव्हते.

प्राचीन विमानविद्येच्या बाबतीतही याच हिशेबीपणाने त्याला वाचवले आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे चावडीवर हटकून कुणी तरी छाती फुगवून सांगते. पायलटचा प्रश्न ठरलेला. इंजिन कोणते, यावर सांगणाऱ्याची गाडी पाऱ्यापर्यंत जाते आणि थांबते. त्या उड्डाणाचा त्या काळचा ठोस पुरावा सापडलेला नाही, आणि वैमानिकशास्त्र नावाच्या ग्रंथातली विमाने उडण्याजोगी नाहीत असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. पायलटचा निवाडा याहून आटोपशीर आहे: "निओ नाही, साधंपण नाही." त्याचा अभिमान दुसरीकडे खर्च होतो. कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात मांडले गेले आणि पुढल्या वर्षी त्याची रीतसर नोंदणी झाली. स्वतःच्या धाब्याकडे पायलट तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो, आणि बायको त्याच्याकडे.

ड्रोनने मात्र त्याची पंचाईत केली. २०२१ च्या नियमांत वजनावरून पाच वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम, पुढे लार्ज. हे पाचही त्याला पाठ. पण नमो ड्रोन दीदी योजनेतून औषध फवारायचा ड्रोन मिळालेली शेजारच्या गावातली बाई प्रात्यक्षिकाला आली तेव्हा तिच्याकडे प्रशिक्षण होते आणि रिमोट पायलटचे प्रमाणपत्र होते. म्हणजे पायलट ती निघाली. याने बॅटरीकडे बोट दाखवून ठरलेला प्रश्न विचारला. तिने शांतपणे सांगितले, "आबा, जरा लांब उभे राहा, पाती लागतील." त्यानंतर गावात काही दिवस 'पायलट' म्हटले की कोणता, असे लोक विचारू लागले.

२५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी विमाने बंद होती. आकाश इतके रिकामे पायलटने कधी पाहिले नव्हते. मालवाहू जायचे, कधी हवाई दलाचे. वहीत ओळीच्या ओळी कोऱ्या राहू लागल्या. कोऱ्या ओळींवरही तो तारीख घालत होता. लोकांना घरात बसून त्याची आठवण येऊ लागली. कुणी चूक दुरुस्त करायलाच नव्हते. २५ मेला वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि एक ठिपका पूर्वेकडे सरकू लागला, तेव्हा ज्यांनी कधी मान वर केली नव्हती ते अंगणात येऊन पाहू लागले. कुणी तरी बांधापलीकडून ओरडून विचारले, "पायलट, कुठलं ओ?" त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "विमान."

तो स्वतः एकदाच उडाला, पुणे ते नागपूर, भाच्याच्या लग्नाला. पायऱ्या चढण्याआधी त्याने इंजिन जवळून पाहिले आणि निओ आहे याची आयुष्यात पहिल्यांदा खात्री केली. त्या दिवशीच्या नोंदीपुढे दोन रेघा मारलेल्या आहेत. डावीकडची खिडकी त्याने मुद्दाम घेतली होती, कारण त्या वाटेवर गाव डाव्या हाताला राहते. विमान चढत होते, खाली पावसाळ्यानंतरचे हिरवे तुकडे, डांबरी रस्ते, पाझर तलाव. शेजारचा प्रवासी वाकून म्हणाला, "कुठलं तरी खेडं दिसतंय." पायलटच्या तोंडून सवयीने निघाले, "खेडं म्हंजे कुठलं?" उत्तर नेहमीप्रमाणे त्यानेच द्यायचे होते. भाळवणी असेल, दैठणे गुंजाळ असेल, त्याचे स्वतःचे असेल. त्या उंचीवरून सगळी सारखीच दिसत होती. वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह आहे.

सध्या या जातीला मोबाईलने घेरले आहे. आठवीतला एक मुलगा फोन आकाशाकडे धरतो आणि विमान डोक्यावर येण्याआधीच सांगतो: कंपनी, कुठून कुठे, उंची, वेग, आणि ए-३२१ निओ. ॲपला डोळे बारीक करावे लागत नाहीत. विमान स्वतःच आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सांगत असते, जमिनीवरचे यंत्र ती टिपते आणि नकाशावर मांडते. पायलटने आधी ॲप खोटे ठरवायचा प्रयत्न केला, मग मुलाकडून वहीतली जुनी प्रश्नचिन्हे भरून घ्यायचा. जुनी विमाने ॲपमध्ये फुकट मिळत नाहीत असे कळल्यावर तो नाद सोडला. हळूहळू वाटणी झाली. प्रवासी विमाने मुलाकडे. हवाई दलाची ॲपवर सहसा दिसत नाहीत, म्हणून ती पायलटकडे. ड्रोन शेजारच्या गावातल्या बाईकडे. रात्री अकरानंतर जाणारी सध्या कुणाकडेच नाहीत. मुलाला सकाळी शाळा असते आणि पायलटला डेअरीत दूध घालायचे असते.